बिनआवाजाची गाडी

फोन आला तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. दोन्ही हात भरलेले, म्हणून कोपरानंच फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून एक साहेब म्हणाले, सोमवारपासून लॅबला येता का, पण सहा महिन्यांसाठीच हां, आमच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात. मी हो म्हटलं. पगार किती, वेळ काय, कायपण विचारलं नाही. तेवढ्यात म्हशीनं शेपूट मारलं आणि फोन गव्हाणीत पडला. तो पुसत पुसत मी आईला सांगायला पळाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. नोकरी लागली होती आणि ती जायची तारीखसुद्धा त्याच फोनमध्ये सांगून झाली होती.

आमचं घर राजुरीच्या बाहेर, मळ्यात. चार-पाच घरं, गोठे, आणि चारी बाजूंनी ऊस. बीएस्सी केमिस्ट्री झाल्यापासून मी घरीच होते, आणि घरी असलेल्या पोरीकडं पाहुणे कसं बघतात ते सांगायला नको. नोकरी होती दुधाच्या चिलिंग सेंटरला, आळेफाट्याच्या रस्त्यावर. गावोगावचं दूध कॅनमधून येतं, मी प्रत्येकाचं सॅम्पल घ्यायचं, मशीनला लावायचं आणि फॅट किती, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातलं बाकीचं सत्त्व किती, तो आकडा ओरडून सांगायचा. ओरडून यासाठी की कॅनचा खडखडाट एवढा असतो की शेजारच्याचं बोलणं कळत नाही, आणि डॉकवरचे, म्हणजे कॅन उतरवायच्या ओट्यावरचे, भाऊ आकडा ऐकल्याशिवाय कॅन टाकीत ओतत नाहीत. फॅट तीन पॉइंट आठ, एसएनएफ आठ पॉइंट पाच, घ्या. असं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, शेवटचा कॅन येईपर्यंत.

पहिल्या आठवड्यात माझा आवाजच निघायचा नाही. माझ्या तोंडातून आकडा कमी आला की समोरच्या माणसाचा चेहरा उतरायचा, आणि हे सगळे आमच्याच आजूबाजूचे, कुणी पप्पांना ओळखणारे, कुणी मला लहानपणी कडेवर घेतलेले. एक बाबा तर रोज म्हणायचे, पोरी नीट बघ की जरा, म्हस चांगली हाय माझी. मी परत लावायचे, परत तेच यायचं. डॉकवरचे भाऊ हसायचे आणि म्हणायचे, मॅडम, तुमी आकडा वाचता का सुतक सांगता, मोठ्यानं बोला. मग मी मोठ्यानं बोलायला लागले. एवढ्या मोठ्यानं की घरी जेवताना पण आई म्हणायची, मी बहिरी नाय गं.

ज्या मॅडमच्या खुर्चीत मी बसायचे त्यांचं स्वेटर अजून खुर्चीच्या पाठीवर तसंच होतं. मी त्याला टेकत पण नव्हते. रोज कुणीतरी विचारायचं, काय, झालं का बाळ, आणि मी मशीनकडं बघत बसायचे. बाळ झालं तेव्हा पेढे वाटले. मी पण खाल्ला, आणि खाताना मनात महिने मोजत होते. लई वाईट वाटलं मला माझंच.

पहिला पगार जमा झाल्याचा मेसेज मी किती वेळा वाचला असेल काय माहीत. बारा हजार. दर अर्ध्या तासानं बघायचे की अजून आहेत का. आईला घेऊन एटीएमला गेले, कारण एकटीला भीती वाटली, आणि आत गेल्यावर आईलाच जास्त भीती वाटायला लागली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली, म्हणजे कुणी आत येऊ नये म्हणून. बाहेर एक बिचारा माणूस ताटकळत होता.

घरात त्या पगाराच्या आधीच सतरा वाटण्या झाल्या होत्या. आईच्या मनात देवाला आणि मावशीला साडी, कळंबच्या मामाच्या मनात एफडी, माझ्या मनात नवा मोबाईल आणि बूट आणि पुण्याला जाऊन एकदा काहीतरी भारी खाणं. पप्पांच्या मनात वेगळंच चालू होतं, आणि ते काय ते मला माहीत होतं. संध्याकाळचं.

आमच्याकडं अंधार पडला की कुणी एकटं बाहेर पडत नाही. शेजारच्या मळ्यातलं कुत्रं नेलं, आमचं वासरू नेता नेता राहिलं, वरच्या वस्तीवर बाई गवत कापायला वाकली होती तेव्हा तिच्या अंगावर आला. बिबट्याचं आता कुणी कौतुकानं सांगत पण नाही, काल दिसला, परवा दिसला, एवढंच. पोरं शाळेला जाताना मोबाईलवर गाणी लावून जातात. रानात बायका वाकायच्या आधी चारी बाजूंना बघतात. आणि सेंटरचा शेवटचा कॅन यायचा तो दिवस मावळल्यावर. हायवेपर्यंत काही नाही, उजेड असतो, हॉटेलं असतात, पण हायवे सोडल्यावर आमच्या मळ्याचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसातून जातो, आणि चारीच्या, म्हणजे कालव्याच्या पाटाच्या, वळणावर तर ऊस अगदी रस्त्यावर वाकलेला.

म्हणून पप्पा न्यायला यायचे. धार अर्धी आईवर टाकून मोटरसायकल काढायचे. चारीचं वळण आलं की गाडी दुसऱ्या गेअरला घ्यायची, जोरात रेस करायची आणि हॉर्न दाबून धरायचा, असं त्यांचं ठरलेलं. मी मागं बसून तोंड लपवायचे. वाटायचं, काय हे, लग्नाच्या वरातीसारखं.

मग लाईटची पाळी बदलली. शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडं कधी दिवसा येते, कधी संध्याकाळनंतर. संध्याकाळची आली की पप्पांना मोटर सोडून हलता येत नाही, दारं धरावी लागतात, म्हणजे सरीसरीत पाणी वळवावं लागतं, नाहीतर पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत फुटून जातं. एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यापास्नं लाईट संध्याकाळची हाय. मला जमायचं न्हाई. एकटीनं चालत यायचं आसंल तर नोकरी बंद."

हे काय रागानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते बशीकडं बघून म्हणाले, आणि बशीतला चहा तसाच राहिला.

त्या दिवशी मी सेंटरला गेले ते एकच डोक्यात घेऊन, की गाडी पाहिजे. गाडीवर असलेल्या माणसाच्या वाटेला बिबट्या जात नाही, आवाज ऐकला की बाजूला होतो, असं सगळेच म्हणतात. पप्पा पण म्हणतात. पण गाडीला पैसे कुठले. एक पगार झालेला, त्यातला निम्मा आईच्या डब्यात. आणि कर्जाची सोय मी विचारली तर बँकेतला माणूस पहिल्यांदा विचारणार, पर्मनंट का, आणि मी काय सांगणार, बाळ मोठं होईपर्यंत.

मार्ग काढला काकूनं. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या मळ्यातली, आईची मैत्रीण. तिच्याकडं दर महिन्याला दहा बायकांची भिशी असते. प्रत्येकीनं दोन हजार टाकायचे आणि चिठ्ठी निघेल तिनं सगळे उचलायचे. पण या भिशीत एक पद्धत आहे, चिठ्ठी टाकायच्या आधी काकू विचारते, कुणाला नड हाय का. कुणी नड सांगितली आणि बाकीच्यांना पटली तर चिठ्ठी टाकतच नाहीत, तिलाच देतात. आणि नव्या बाईला कुणीतरी जामीन लागतं. नव्या बाईनं हप्ता चुकवला तर जामीनवालीनं भरायचा, आणि मग त्या दोघींचं काय होतं ते पैशापेक्षा वाईट असतं.

नवीन भिशी सुरू होत होती आणि एक जागा रिकामी होती. मी गेले आईबरोबर. काकूच्या पडवीत सगळ्या बसल्या होत्या, शेंगा फोडत. काकू म्हणाली, ही आपली पोरगी, नोकरीला हाय. त्यावर एक आजी चष्म्यातून बघून म्हणाली, टेंपरवारी ना पण. सगळ्या हसल्या. सहा महिन्यांची नोकरी, त्यातले काही गेलेले, आणि भिशी दहा महिन्यांची. मी रात्रभर बसून ते मनात मांडलं होतं. दर महिन्याला दोन हजार भिशीत टाकायचे आणि तेवढेच वेगळ्या खात्यात ठेवायचे, म्हणजे नोकरी सुटली तरी पुढचे हप्ते आधीच तयार. मोबाईल नाही, बूट नाही, मावशीला साडी दिवाळीला. हे सगळं मी त्या बायकांना सांगितलं, आकडा सांगते तसं, खणखणीत. आजी म्हणाली, हुशार हाय, पण मधीच सुटली तर?

"मधीच सुटली तर मी हाय जामीन," काकू म्हणाली. "आता कुणाला नड हाय का बोला."

मी हात वर केला, शाळेत करतात तसा. काकूनं विचारलं, काय नड. मी गाडीचं सगळं पाठ करून आले होते, पेट्रोल, ॲव्हरेज, सेकंडहँड. पण तोंडातून निघालं, "संध्याकाळी घरी यायचंय."

शेंगा फोडायच्या थांबल्या. मग त्याच आजीनं पदराची गाठ सोडली आणि तिचे दोन हजार पहिल्यांदा चटईवर ठेवले.

गाडी मामानं शोधली. मामा कळंबला असतो आणि त्याला जगातल्या सगळ्या सेकंडहँड गाड्यांची माहिती असते. तो म्हणाला, पेट्रोलची कशाला घेतीस भाचीबाई, बॅटरीवरची घे, रातच्याला चार्जिंगला लाव, पगार वाचंल. मंचरच्या एका पोराला विकायची होती, पांढरी, फक्त एका बाजूला खरचटलेली. पैसे थोडे कमी पडले ते मामानं घातले आणि म्हणाला, हे तुझ्या आईच्या भाऊबीजेचं आत्ताच समज. मला ते लई पटलं. पेट्रोलचे पैसे वाचणार म्हणजे वेगळ्या खात्यात जास्त जाणार. मी तर मनात मामाला अर्थमंत्री करून टाकलं.

आईनं गाडीला हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारची सगळी बघायला आली. मी चावी फिरवली आणि ऐटीत बसले. पप्पा दोन्ही हात मागं बांधून गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"चालू कर की," ते म्हणाले.

मी म्हटलं, चालूच आहे.

पप्पा खाली वाकले, कान लावल्यासारखं केलं. पोरं हसायला लागली. काकू म्हणाली, अवो भाऊजी, फॅन हाय का ती गाडी, आवाज यायला. पण पप्पा हसले नाहीत. ते सरळ झाले आणि मला एवढंच म्हणाले, हॉर्न वाजवत ये. मी हॉर्न वाजवून दाखवला. तो म्हणजे चिमणीच्या पिल्लासारखा, चीं. त्यावर सगळ्यांना अजून हसू आलं, मला पण.

पहिले चार-सहा दिवस मी हवेतच होते. सेंटरला गाडी सावलीत लावायची, डॉकवरच्या भाऊंनी म्हणायचं, आल्या मॅडम विमान घेऊन. संध्याकाळी हायवेनं येताना वारा लागायचा आणि वाटायचं, ही माझी गाडी, माझ्या पगाराची.

मग हायवे सुटायचा.

मोटरसायकलवर मागं बसलेलं असताना मला कधी ऊस ऐकू आला नव्हता. इंजिनचा आवाजच एवढा असायचा. आता सगळं ऐकू यायला लागलं. उसाचं वाळलेलं पाचट वाजतं ते. पानावर पान घासतं ते. आत कुठंतरी काहीतरी चालतं आणि थांबतं, ते घूस असेल, मुंगूस असेल, पण थांबतं म्हणजे काय, माझ्यासाठी थांबतं का. मी वेग वाढवायचे तर रस्त्यात खड्डे. कमी करायचे तर सगळं अजून जास्त ऐकू यायचं. हॉर्न वाजवायचे तर त्या चीं आवाजानं मलाच केविलवाणं वाटायचं, जणू मी शेळीचं करडू आहे आणि सांगतेय की मी इथं आहे. म्हणून मी हॉर्न वाजवायचा सोडला. मोबाईलवर गाणी लावायची म्हटलं तर चार्जिंग संध्याकाळपर्यंत संपलेलं, जुना मोबाईल, नवा घेतलाच नव्हता ना.

घरी मी काय सांगत नव्हते. पप्पांनी विचारलं, भीती वाटती का, की मी म्हणायचे, छे, दोन मिनिटांचं तर काम. सेंटरला शेवटचा कॅन ओतला की मात्र माझा पाय निघायचा नाही. सॅम्पलच्या बाटल्या धुताना मी उगाच वेळ काढायचे आणि वेळ काढला की अजून अंधार व्हायचा, आणि हे मला कळत असून मी रोज करायचे.

त्या दिवशी कॅन उशिरा आले. अंधार पूर्ण झालेला. मी वळणाच्या अलीकडं वेग कमी केला कारण तिथं चारीचं पाणी रस्त्यावर आलेलं असतं. वळले, आणि लाईटच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध तो बसलेला.

पाठ माझ्याकडं. मांजर दारात बसतं तसा, शेपूट रस्त्यावर पसरलेलं. त्याला ऐकूच आलं नव्हतं. मी इतक्या जवळ पोचले होते की अंगावरचे ठिपके सारखे नाहीत हे मला दिसलं, काही गोल, काही तुटलेले. मी ब्रेक दाबला. ब्रेकचा आवाज झाला आणि तो एका उडीत फिरला. मी जेवढी दचकले तेवढाच तो पण. पोट जमिनीला, कान मागं, आणि तोंड उघडलं, आवाज नाही आला, नुसतं उघडलं.

पळायचं नाही, वाकायचं नाही, मोठं दिसायचं, ओरडायचं. आम्हाला शाळेत येऊन सांगितलेलं आहे, ग्रामपंचायतीत सांगितलेलं आहे, भिंतीवर लिहिलेलं आहे. मला सगळं आठवत होतं. एक पाय खाली टेकला होता. ओरडायला तोंड उघडलं, काय ओरडायचं तेच सुचेना. आई गं पण येईना. आणि मग माझ्या तोंडातून जे रोज निघतं तेच निघालं.

"फॅट तीन पॉइंट आठ! एसएनएफ आठ पॉइंट पाच! घ्या!"

अख्ख्या उसात घुमलं ते. मी परत ओरडले. फॅट तीन पॉइंट पाच. फॅट चार. पाणी आहे, बाजूला ठेवा. जे तोंडाला येईल ते. त्यानं डोळे मिचकावले. मग उठला, घाई नाही काही, दोन पावलं टाकून चारीच्या बांधावर चढला आणि उसात गेला. मी हलणार तोच त्याच्या मागून अजून एक निघालं, लहान, मांजराहून थोडं मोठं, आणि धडपडत बांध चढलं. म्हणजे ती होती. मादी.

मग मी गाडी कशी काढली ते मला माहीत नाही. घरच्या दिव्यात आले तेव्हा पण माझं तोंड चालूच होतं, आकडे पुटपुटत.

अंगणात कुणी नव्हतं. मी गाडी लावली, हातपाय धुतले, पाणी दोनदा सांडलं. आणि त्या मोरीजवळ उभं राहून ठरवलं, सांगायचं नाही. सांगितलं की उद्यापासून नोकरी बंद, हे पप्पांचं आधीच बोलून झालेलं. नोकरी बंद म्हणजे वेगळ्या खात्यात आता आहेत तेवढेच. त्यातून दोन हप्ते निघतील, मग संपलं. मग काकू. काकूनं सगळ्यांसमोर जामीन घेतलेला, त्या आजीनं पदराची गाठ सोडलेली. मी डोळ्यांपुढं आणलं की पुढच्या महिन्यात पडवीत शेंगा फोडत सगळ्या बसल्यात आणि काकू माझे पैसे टाकतीये, काही न बोलता. त्यापेक्षा बिबट्या परवडला, असं मला खरंच वाटलं. थोडे महिने तर राहिलेत, वळणावर ओरडत जाऊ, झालं.

आत आई भाकरी थापत होती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, एवढा गार का गं. मी म्हटलं, वारा आहे. तिनं ताट वाढलं. मी पहिला घास तोंडात घेतला, तो गिळेनाच, नुसता फिरवत बसले.

पप्पा समोर जेवून उठले. खुंटीवरची बॅटरी काढली, काठी घेतली, पायात गमबूट चढवायला लागले. मोटरीची लाईट मधीच गेली होती, ती परत यायची वेळ झाली होती.

मला इतका वेळ एकच रस्ता दिसत होता, माझा. आता दिसलं की पप्पा कुठं चाललेत. आमची मोटर चारीच्या पलीकडं आहे. त्याच बांधावरून जावं लागतं. चालत. आणि दारं धरताना वाकावं लागतं.

मी घास तसाच तोंडात ठेवून गप्प बसले. म्हणजे एक बूट घालून होईपर्यंत गप्प बसले. तेवढ्यात डोक्यात काय काय येऊन गेलं. आज काही होणार नाही. ती गेली असेल लांब. पप्पा इतकी वर्षं जातात. दुसरा बूट घालताना पप्पांनी भिंतीला हात टेकला, आणि मी घास गिळला.

"पप्पा, जाऊ नका. चारीवर हाय ती. पिल्लू बरोबर हाय."

आईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. पप्पा बूट अर्धा घातलेला तसेच खाली बसले. कधी बघितली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं आत्ता. किती लांबनं? मी चुलीकडं बोट दाखवलं, म्हणजे आपण बसलोय तिथून चुलीएवढं. आई रडायलाच लागली. मी सगळं सांगून टाकलं, पाठ होती, ऐकू आलं नाही तिला, मी ओरडले. काय ओरडलीस, आईनं रडत विचारलं. फॅट, मी म्हटलं. आईला काही कळलं नाही. पप्पा मात्र तोंडावर हात धरून बसले आणि त्यांचे खांदे हलले. मला कळेना हसतायत का काय.

मग म्हणाले, "तुझ्या गाडीला आवाजच न्हाई. तिची बिचारीची काय चूक."

नोकरीचं त्यांनी काही काढलं नाही. फोन केले, शेजारच्या मळ्यातले दोघं ट्रॅक्टर घेऊन आले आणि तिघं मिळून मोटरीला गेले, ट्रॅक्टरवर गाणी लावून. मी अंथरुणात पडून ती गाणी बंद तर पडत नाहीत ना एवढंच ऐकत होते. आणि सकाळी काय ऐकायला लागणार, ते. सेंटरला फोन करून काय सांगायचं ती वाक्यं मी जुळवून ठेवली होती. काकूला सांगायची जुळवता आली नाहीत.

सकाळी उठले तर पप्पा घरात नव्हते. आई म्हणाली, उजाडायच्या आत गेलेत, कुठं ते नाय सांगितलं. मी आवरायचं का नाही तेच समजेना. पंजाबी घातला, परत काढावा वाटलं, तशीच बसले. मग मोटरसायकल आली. पप्पांच्या खांद्यावर घुंगुरमाळ होती, मोठी, जाड चामड्याच्या पट्ट्याची. कळंबला जाऊन आले होते. मामाकडं शर्यतीचा बैल आहे, त्याची ती, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, मिरवायची. मामा ती माळ कुणाला हात लावू देत नाही.

पप्पांनी ती गाडीच्या पुढच्या बाजूला, हँडलच्या खाली, सुतळीनं आवळून बांधली. ओढून बघितली. गाडी ढकलून बघितली. सगळा मळा वाजला. कुत्री भुंकायला लागली.

मी म्हटलं, पप्पा, सेंटरला हसतील.

"हसू दे," ते गाठ मारत म्हणाले. मग वर न बघता म्हणाले, "आजची सुट्टी टाकू नको. उशीर व्हतोय."

सेंटरला हसलेच. डॉकवरच्या भाऊंनी कॅन खाली ठेवून नमस्कार केला. मी काय झालं ते सांगितलं तर हसणं थांबलं, आणि म्हस चांगली हाय म्हणणारे बाबा म्हणाले, बरं केलं, वाजत जा पोरी. वनखात्याची माणसं येऊन ठसे बघून गेली, चारीवर पिंजरा लावला, आत कोंबडी ठेवली. पिंजरा अजून रिकामाच आहे. कोंबडी बदलतात अधूनमधून.

आता मी हायवे सोडला की मळ्यातल्या घरांना कळतं. आई म्हणते, घुंगरं ऐकली की मी तवा ठेवते. काकूच्या पडवीत परवा आजी म्हणाली, आली बघा टेंपरवारी वाजत. हप्ता मी वेळेवर टाकते, आजीच्या आधी टाकते. वेगळ्या खात्यात उरलेले हप्ते जवळजवळ जमलेत. मॅडम पुढच्या महिन्यात येणार आहेत, बाळाचा फोटो सगळ्यांना पाठवला त्यांनी, गुटगुटीत आहे. साहेब म्हणाले, कुणाची रजा निघाली तर कळवतो. त्यांनी ते कॅनकडं बघत म्हटलं.

भीती काय गेली नाही, उलट आता मला माहीत आहे ती नेमकी कुठं बसते. परवा वळणावर घुंगरं वाजत होती आणि तरी डाव्या हाताच्या उसात पाचट मोडल्याचा आवाज आला, स्पष्ट. घुंगरांच्या वरून आला. मी थांबले नाही, वेग पण नाही वाढवला, खड्डा होता. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि उसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायला लागले, फॅट तीन पॉइंट आठ, एसएनएफ आठ पॉइंट पाच. घराचा दिवा दिसेपर्यंत सांगत राहिले.